पलटणीतला मासा

वारणेला ओढा मिळतो तिथं बोरवाडीचा डोह आहे आणि डोहावर म्हसोबा. या डोहात जाळं पडत नाही, कारण तिथले मासे देवाचे. त्यांना खायला घालायचं काम साळूबाई भोईणीकडं होतं. बाई तोंडाची फटकळ, पण माशांवर तिचा भारी जीव. पायरीवर बसून ती जोंधळ्याच्या लाह्या टाकी आणि बारक्यांच्या तोंडचं पळवणाऱ्या दांडग्या माशांना मनसोक्त शिव्या घाली.

लढाई लागली आणि तिचा एकुलता एक नाथाजी पलटणीत भरती झाला. त्याला बंगालकडं धाडलंय, एवढंच तिला कळलं. तिनं म्हसोबाला नवस केला, पोरगं धडधाकट येऊ दे, डोहात मासा सोडीन. असा मासा एरवी नदीतूनच धरून सोडतात. पण नाथाजीला नवसाचं गाववाल्या जवानाकडून कळलं होतं आणि आईचा नवस झोकात फेडायचा त्यानं चंग बांधला. सेहेचाळीस साली तो सुटून आला, तो पत्र्याच्या डब्यात बंगालचे मासे घेऊनच. स्टेशनास्टेशनावर पाणी बदललं, तरी मिरजेला उतरेपर्यंत त्यातला एकच तगला. गावानं हलगी लावून तो डोहात सोडला. तांबूस खवल्यांचा तो मासा बघता बघता वाढला आणि गाव त्याला पलटणीतला म्हणू लागलं. नाथाजी बापाची नाव चालवायला लागला आणि साळूबाईला आभाळ ठेंगणं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात डोह आटून नदीपासून तुटला. तेव्हा जुने मासे अंग दगडाला घासू लागले. मग लाह्यांकडं फिरकेनात. मग मरायला लागले. साळूबाईनं एक मेलेला उचलून पर उलटला, तर खाली काचेसारख्या, चपट्या, मसुराएवढ्या गोचिडी चिकटलेल्या. तिचा जन्म नदीत गेला होता, पण असली गोचीड तिनं कधी पाहिली नव्हती. पलटणीतल्याच्या अंगावरही त्या होत्या, मात्र तो खुशाल मिरवत होता. लागण कुठून आली ते तिला उमगलं.

गाव म्हणालं, म्हसोबा कोपला. नानासो पाटलांनी बकरं द्यायचं ठरवलं. साळूबाईनं गोचिडींचं कुणाला सांगितलं नाही. नवसाचा मासा काढून घेतला, तर देवही दिलेलं काढून घेईल, ही तिला धास्ती. पोरगं रोज पलीकडं वारणेत नाव घालत होतं. पण मासा ठेवावा, तर पुराला डोह नदीला मिळणार आणि गोचिडी साऱ्या वारणेत पसरणार. तिला घास गोड लागेना.

शेवटी तिनं नाथाजीला नावेचा दोर आणायला मिरजेला पिटाळलं. तो नजरेआड होताच ती लाह्यांची मूठ घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरली. पलटणीतला नेहमीसारखा विश्वासानं तिच्या हाताशी आला. तिनं त्याला जुनेरात गुंडाळून बाहेर काढला आणि तो निपचित होईपर्यंत रडत बसली. मग देवासमोर उभी राहिली.

"मासा म्या काढला. नाथ्याला ह्यातलं कायबी ठावं न्हाई. काय घ्याचं त्ये माजं घे."

बातमी लपते कुठली! दिवस कलला तसं सारं गाव म्हसोबापुढं जमलं. नवसाच्या माशाला हात कुणी लावला, असं नानासोंनी विचारलं. साळूबाई पुढं झाली. तेवढ्यात गर्दीतून खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन नाथाजी घुसला. वाटेतच त्याला सगळं कळलं होतं.

"आवं पाटील, म्या काढला. मीच आणला हुता, मीच काढला."

"मिरजंत बसून काढलास व्हय रं?" नानासो म्हणाले, आणि लोक हसले.

साळूबाई मात्र हसली नाही. तिनं मेलेला पलटणीतला पाटलांच्या पुढ्यात धरून, पर उलटून गोचिडी दाखवल्या. नानासोंनी वाकून त्या निरखल्या. मग त्यांनी वाड्यावरून मिठाचं पोतं मागवलं. पुढचे दिवस भोयांच्या बाया जुनेरानं एकेक मासा धरून मिठाच्या पाण्यातून काढत होत्या आणि गोचिडींची अंडी जावीत म्हणून डोहातले दगड विटकरीनं घासत होत्या. कित्येक मासे गेले. पण राहिले ते पुन्हा लाह्यांवर येऊ लागले.

मासा काढला त्या संध्याकाळी मात्र सगळे पांगल्यावर साळूबाई पुन्हा देवापाशी गेली. नाथाजी खाली नावेला नवा दोर बांधत होता. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती दगडाच्या अगदी जवळ वाकली.

"त्येचं आयकू नगंस," ती म्हणाली. "ल्हानपणापास्नं लय खोटं बोलतंय त्ये."