हातांना परवानगी

अंबडहून जालन्याला जाणाऱ्या एसटीत एक मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या बोटांना नुकत्याच निवडलेल्या मेथीचा हिरवा वास होता. मांडीवरच्या फोनमध्ये, व्हिडिओ कॉलवर, एक तरुणी हातांनी काहीतरी विचारत होती आणि उत्तरासाठी उचललेला हात त्या पुन्हापुन्हा हताशपणे खाली आणत होत्या.

"लेक हाये माझी. तिला ऐकू येत न्हाई, आम्ही हातानंच बोलतो. ती मला दिसून राह्यली, पण मी तिला दिसत न्हाई, ताई."

मी पाहिले. कॅमेऱ्याची परवानगीच बंद होती.

"दोनदा मागितली या फोननं," त्या ओशाळून म्हणाल्या. "मी घाबरून दोन्ही डाव न्हाई म्हणलं. मंग गपच बसला बिचारा." आणि एकाएकी हसल्या. "माणसं कुठं इतकं ऐकतेत?"

सेटिंग्ज उघडून मी कॅमेऱ्याच्या बटणाकडे बोट नेले, पण क्षणभर थांबले. "देऊ का परवानगी?"

"द्या की, जल्दी!"

पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचा चेहरा उजळला. त्यांचे दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून फोन मी धरला. मायलेकी एकदमच बोलू लागल्या. काचेच्या बांगड्या अखंड किणकिणत होत्या. लेकीपर्यंत कधीच न पोचणारा तो नाद जालना येईपर्यंत मी ऐकत राहिले.