चार्ज नाही

देवराम तारेवरचा माणूस. साऱ्या देशाची वीज एका जाळ्यात जोडायची ती वर्षं. देडतलाईकडच्या रानात उंच टॉवर उभे राहत होते. टॉवरच्या एका अंगाची लाइन बंद करून काम चाले, दुसरं अंग चालूच असे. बंद तारेतही शेजारच्या तारेमुळे चार्ज साठतो. म्हणून हात लावण्याआधी जमिनीशी जोडलेली अर्थिंगची काठी तारेला अडकवायची. ती वर चढवताना खांदे सोलून निघत. देवरामने ती एकदाही टाळली नव्हती.

मग डब्या आल्या. डबी टॉवरला बांधायची. तारेजवळचा चार्ज खालच्या माणसाच्या हातातल्या यंत्रावर बिनतारी उमटायचा. ठेकेदार म्हणाला, "यंत्र बोलतंय, मग काठीचं ओझं कशाला?" काठ्या दुसऱ्या टोळीला गेल्या.

यंत्र आलं भाईदासच्या हाती. तो देवरामच्या बायकोचा, मालूबाईचा भाऊ.

"दाजी, आता तुमचा जीव माझ्या खिशात."

"खिसा फाटका नाही ना? बहीण तुझीच आहे, ध्यानात ठेव."

वैशाखातलं ऊन होतं. केळीची पानं वाऱ्यावर फडफडत होती. वर पोचल्यावर देवराम ओरडला, "भाईदास, चार्ज?"

भाईदासने यंत्र पाहिलं. पडदा काळा. बॅटरी उतरली होती.

"चार्ज नाही, दाजी!"

घरात फोन बंद पडला की सगळे हेच म्हणतात. तारेवर त्याचा अर्थ एकच: हात लाव. देवरामने हात लावला.

टॉवरला बांधलेल्या कमरेच्या पट्ट्याने त्याला धरून ठेवलं. खाली उतरवताना तिघांची दमछाक झाली. पट्ट्यात लटकलेला माणूस म्हणजे पोतं नव्हे. पोतं कण्हत नाही.

उजवा हात कोपरापासून कापला. डाव्याची बोटं मिटत नाहीत.

चौकशीला आलेल्या साहेबाने खाटेजवळ विचारलं, "खालून काय सांगितलं होतं?" दाराशी भाईदास उपरण्याचं टोक तोंडात कोंबून उभा होता.

"काही ऐकलं नाही, साहेब. मीच हात लावला."

कामगाराचीच हयगय, असं ठरलं. त्यानंतर कुणी फिरकलं नाही. खरं काय ते देवरामने मालूबाईलाही सांगितलं नाही.

भाऊबीजेला भाईदास आला. बहिणीने ओवाळलं, ताट वाढलं. देवरामला ती भरवत होती. मधेच म्हणाली, "भाईदास, तुझा फोन दे रे जरा, आईला लावते. माझ्यात चार्ज नाही."

भाईदासचा घास हातातच राहिला. भरल्या ताटावरून तो उठला, चपला घातल्या आणि निघाला. हाताने धरून थांबवावं, तर देवरामला धरणारा हात नव्हता.

तो पुन्हा कधी आला नाही.

"अहो, ह्याला झालं तरी काय?" मालूबाई दाराकडे बघत राहिली.

"घास दे," देवराम म्हणाला.