कान तेवढे बाहेर राहू दे

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच पायजम्यात नाडी ओवत होते. एक पाय लाल, एक पाय पिवळा आणि ढगळ इतका की घरातली दोन माणसं आत मावतील. फोन डेपोतल्या माणसाचा होता. राळेगावच्या स्टँडवर दादा बसमधून उतरला, चहाच्या टपरीपर्यंत गेला, बाकावर बसला आणि मग उठलाच नाही... मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला, नाडी पूर्ण ओवली, दोन्ही टोकांना गाठ मारली आणि मगच उठले. महिना उलटून गेला, तरी मला त्या दिवसातलं तेवढंच नीट आठवतं, की मी गाठ मारली.

सुखदेवदादा एसटीत कंडक्टर होता. बाभुळगावात आमची घरं लागून आहेत. एका घरात तो आणि वहिनी, दुसऱ्या घरात मी आणि माझी शिलाई मशीन. सुट्टीच्या दिवशी तो आसपासच्या अंगणवाड्यांमध्ये जोकर बनून जायचा. पोरं त्याला जोकरमामा म्हणायची. बसमध्ये मात्र हा माणूस कायम कपाळाला आठ्या घालून उभा असायचा. प्रवाशांना सांगितलं असतं तरी कुणाला खरं वाटलं नसतं.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते शोभाताईंमुळे. त्या शेजारच्या गावच्या अंगणवाडीच्या सेविका, माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकतात. लसीच्या दिवशी लेकरं घरीच दडून बसतात अशी त्यांची तक्रार चालली होती आणि दादा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "मी येतो ना जोकर बनून. मंग पाहा, कशे येत नाई ते." पहिल्या वेळी तो घरूनच तोंड रंगवून गेला आणि दारातून एकदम आत उडी मारली. एकच आकांत झाला म्हणे. कुणी शोभाताईंच्या पदरात घुसलं, कुणी खिचडीच्या गंजामागे. पिहू नावाच्या एका बारक्या पोरीने तर चड्डी ओली केली. दादा घरी आला आणि तोंड न धुताच ओट्यावर बसून राहिला. "बेबे, लेकरं मले भेले ना वं," एवढंच मला म्हणाला. वहिनींनी ताट वाढलं तर त्याने नको म्हटलं.

बरेच दिवस त्याने तो विषय काढला नाही. मग एकदा जेवता जेवता म्हणाला, "त्यायनं मले बनतानी पाह्यलंच नाई. मंग त्यायले काय मालूम, आत कोन हाय?" त्यानंतर तो साध्या सदऱ्यात जायला लागला. सतरंजीवर लेकरांच्या मधोमध बसायचा आणि पिशवी उघडायचा. आरसा एका लेकराच्या हातात द्यायचा. खोबरेल तेलात कालवलेली पांढरी पावडर प्रत्येकाने बोटाबोटाने त्याच्या तोंडाला लावायची. मग गालांना माझी लिपस्टिक, जी मी कधी लावली नाही. मग लोकरीचा टोप आणि शेवटी नाक, म्हणजे प्लास्टिकच्या चेंडूचं अर्धं, माझ्याकडचं इलास्टिक लावलेलं. नाक बसलं की दोन-चारदा धडपडून दाखवायचं आणि संपलं. खरा खेळ ही तयारीच होती.

टोप मी कानांवरून विणला होता. दादा म्हणाला, "हे काप. कान तेवढे बाहेर राहू दे."

"काहून?"

"नाक लागलं का लेकरू एकदम भेते. मंग ते माहा कान ओढून पाहते. कान मामाचाच हाय म्हटल्यावर भेव जाते त्याचं."

आमचे कान बाबांवर गेलेले, सुपासारखे. दादा ते मिरवायचा. मी मात्र शाळेपासून केसांखाली झाकत आले, आणि त्यावरूनही तो चिडवायचा. "झाक बेबे, झाक. नाई त वारा सुटला का उडून जाशीन." अंगणवाडीत पिहू सगळ्यांत शेवटी जवळ यायची. दादा मान खाली करायचा, ती कान पकडून जीव खाऊन ओढायची आणि मग हसायची.

त्याला घरी आणलं तेव्हा बायका मला गदागदा हलवत होत्या. "रड वं बेबे, मोकयी हो." मला काहीच होत नव्हतं. मी तोंडावरची चादर बाजूला केली आणि कान धरून पाहिला. थंड होता. दादाचाच होता. त्यानंतर जेवणाला चव नाही की झोपेला झोप नाही. एकदा मशीनची सुई बोटात गेली, ते मला गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर रक्ताचा डाग दिसल्यावर कळलं.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काही दिवसांनी शोभाताई आल्या. तो पायजमा ज्या लसीच्या दिवसासाठी शिवत होते, तो दिवस आला होता. "लेकरं इचारून राह्यले, जोकरमामा कवा येते म्हनून. मले सांगताच येत नाई..."

मी म्हटलं, "मलेच हसता येत नाई, त मी त्यायले काय हसवीन?"

वहिनी भिंतीकडे बघत बसल्या होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "हसवू नको. पिशवी घेऊन फक्त बस त्यायच्यात."

मी जाऊन बसले. सांगून टाकलं की जोकरमामा आता येणार नाही, तो मेला. एकाने विचारलं, "मंग पावडर कोनाले लावाची?" मी म्हटलं, मला लावा. आरसा कुणी धरायचा, आधी काय, मग काय, सगळं त्यांनाच ठाऊक होतं. इवली तेलकट बोटं तोंडभर फिरत होती आणि मला नुसतं कळत होतं की फिरत आहेत. टोपासाठी केस वर बांधले. चारचौघांत माझे कान उघडे पडले, त्याचंही काही वाटलं नाही. मग नाक लावलं आणि सगळी एकदम गप्प झाली.

पिहू मागून आली. आता ती बरीच मोठी झाली आहे. तिने दोन्ही हातांनी माझा कान पकडला आणि जीव खाऊन ओढला.

"मामाचाच हाय," तिने बाकीच्यांना सांगितलं.

मग सगळ्यांनीच ओढून पाहिला. घरी आले तेव्हा वहिनींनी विचारलं, "कसं झालं?"

"कान दुखून राह्यला," मी म्हटलं. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा काहीतरी दुखत होतं.

वहिनी उठून जवळ आल्या. कान हातात धरला आणि सोडलाच नाही... दुखत होतं, पण मी हलले नाही.