मास्तरांची तारीख नसलेली सही

नरहरी मास्तरांवर अन्याय झाला तो शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, ते मरून तीन दिवस झाल्यावर. त्या वेळी भरलेल्या आमच्या ग्रामसभेच्या हजेरीत त्यांची सही आहे. गावचं गायरान सोलर कंपनीला द्यायला मास्तरांची काही हरकत नाही म्हणे! मंगळवारी त्यांचं सरण पेटलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं…

मास्तर मानवतला शाळेत इतिहास शिकवायचे. रिटायर झाल्यावर इंग्रजांच्या पार्लमेंटापुढे ठेवलेले जुने कागद परभणीच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचे आणि मला, चळवळीची पत्रकं वाटत हिंडणाऱ्या पोरीला, समोर बसवून वाचायला लावायचे. सातारा, वऱ्हाड, नागपूर, सगळे इंग्रजांनी गिळलेले मुलूख. त्यांच्या वहीत दोनच रकाने: 'घेतलं कधी' आणि 'विचारलं कधी'. वऱ्हाड निझामाकडून घेतलं १८५३च्या मे महिन्यात. सभागृहापुढे कागद आले ते नंतर. दुसरी तारीख दर वेळी उशिराची. त्यातही हिंदुस्थानचा विषय निघाला की मेंबर उठून जेवायला जात. "देखरेख म्हणं!" मास्तर फिसकन हसायचे. "मुडद्याची नाडी बघायलेत बेटे."

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीचा शिपाई असंच रजिस्टर घेऊन त्यांच्या दारात आला होता.

"मास्तर, तेवढी सही मारा. सगळ्याहीच्या झाल्यात."

"सभा कधी झाली रे?"

"झाली म्हणून धरा की."

"लेका, तू इथं कशाला सडायलास? लंडनच्या पार्लमेंटात जागा होती तुला."

शिपाईही हसला, पण सही काही मिळाली नाही. मास्तर वाचल्याशिवाय सही करत नसत, आणि केलीच तर खाली तारीख घालत. लेकीच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा.

रजिस्टरातल्या त्या सहीखाली तारीख नाही. एवढी साधी लबाडीसुद्धा या लोकांना धड जमत नाही! सरपंचांना जाब विचारला तर म्हणाले, "अगं बाई, म्हाताऱ्याचा मानच राखला की आमी. पहिलं नाव त्यांचंच घातलंय." आणि मेलेल्या माणसाच्या नावाखाली न वाचता सह्या ठोकणारे आमचे सभ्य गावकरी? त्यांना निदान चहा तरी मिळाला होता का…

मास्तरांची वही आता माझ्याकडे आहे. शेवटच्या ओळीत मी गायरान लिहिलं, पहिल्या रकान्यात तो शुक्रवार टाकला. दुसरा रकाना कोराच आहे. तुम्ही हे वाचून हळहळू नका, त्याचा मास्तरांना काही उपयोग नाही. उद्या आपल्या ग्रामपंचायतीत जा. हजेरीचं रजिस्टर मागा, त्यात स्वतःचं नाव शोधा. सही तुमची नसेल तर तिथंच उभं राहून लेखी हरकत द्या.

आणि खाली तारीख घाला.