धुलाईच्या मावशी आणि तळ्यातला फेस

आमची संस्था जखमी पाणपक्ष्यांवर उपचार करते. मी तिथे कारकुनी करतो. डॉक्टर आहेत, पिंजरे साफ करणारी माणसं आहेत, संचालिका आहेत, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. पण खरं सांगायचं तर तिथलं पान हलत नाही ते धुलाईच्या मावशींवाचून. पक्षी गुंडाळायचे टॉवेल, टेबलावरच्या चादरी, डॉक्टरांचे डगले, असे रोज दोन मशिनं भरून कपडे त्या अठरा वर्षं धूत आल्या आहेत. टॉवेल इतके पांढरेशुभ्र, की पाहुणे आले की मोठ्या बाई आधी कपाटच उघडून दाखवायच्या.

संस्थेच्या मागे एक तळं आहे. बरा झालेला पक्षी आधी तिथे सोडायचा, मग मोकळा करायचा. गेल्या उन्हाळ्यात त्या तळ्याच्या एका कोपऱ्यात फेस दिसायला लागला. दोन बदकं भिजून थरथरताना सापडली. डॉक्टर म्हणाले, "पाण्यात साबण आहे. पिसांवरचं तेल धुऊन गेलंय, म्हणून पाणी आत शिरतंय."

तळ्यापलीकडे कापड रंगवायचा एक छोटा कारखाना आहे, बाप आणि लेक मिळून चालवतात. सगळ्यांची बोटं तिकडेच वळली. मोठ्या बाईंनी प्रदूषण मंडळाकडे करायच्या तक्रारीचा मजकूर सांगितला आणि मी तो टाइप केला. शंका माझ्याही मनात आली नाही.

मावशींना मात्र खरं कारण त्याच्या दोन महिने आधीच कळलं होतं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. वाऱ्यानं उडालेली चादर आणायला त्या तळ्याकाठी गेल्या आणि फेसाचा वास नाकात शिरला. लिंबाचा. त्यांच्याच साबणाचा! भिंतीच्या कडेनं माग काढत त्या मागे आल्या, तर एक्स-रेची खोली बांधताना गवंड्यांनी धुलाईच्या मोरीचा पाइप तोडून तसाच सोडलेला. अठरा वर्षं गटारात जाणारं पाणी आता थेट तळ्यात जात होतं. मावशींनी इकडेतिकडे पाहिलं आणि एक पत्रा ओढून त्यावर टाकला.

त्या म्हणाल्या, "भीती वाटली रे. धुलाई बाहेरच्या कंपनीला द्यायची बोलणी आधीच चालली होती. मी आपण होऊन निमित्त कशाला देऊ?"

मग एक दिवस तो कारखानदार स्वतः ऑफिसात आला. तक्रारीची कुणकुण लागली असणार. हातात काचेची बरणी, त्यात त्याच्या टाकीतलं निवळलेलं पाणी. "बाई, एकदा येऊन बघा तरी," तो म्हणाला. "कारखान्याला कुलूप लागलं तर या वयात मी दुसरं काय शिकू? आणि पोरीनं काय करायचं?"

"जे काय असेल ते तपासणीत दिसेल," मोठ्या बाई तुटकपणे म्हणाल्या.

मावशी तेव्हा टॉवेलांची चळत घेऊन दारात उभ्या होत्या. चळत तिथेच खुर्चीवर ठेवून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडतोय तर त्या पायरीवर बसलेल्या.

"तो कागद गेला का?"

"दहाच्या टपालानं जाईल."

"पाठवू नकोस. बाईंना येऊ दे."

मोठ्या बाई आल्या तेव्हा मावशींनी त्यांना आणि डॉक्टरांना मागे नेलं आणि पत्रा बाजूला केला. मशीन त्यांनी आधीच सुरू करून ठेवलं होतं. तुटक्या पाइपातून भळाभळा फेस वाहत होता.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"दोन महिने."

बाईंनी तिथली बादली पालथी केली आणि चक्क तिच्यावर बसल्या. म्हणाल्या, "आधी बोलायला हवं होतंत मावशी, ते तर झालंच. पण उद्या, तक्रार गेल्यावर बोलला असतात, तर त्या माणसाच्या दारात मी कुठल्या तोंडानं गेले असते? आणि अठरा वर्षांत हे पाणी जातं कुठे, असं मी तरी कधी विचारलं?"

"आणि एवढं ब्लीच कशाला?" फेसाच्या उग्र वासानं नाक मुरडत डॉक्टरांनी विचारलं.

"पांढरं दिसावं म्हणून. कपाट उघडून दाखवता ना तुम्ही."

डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो, बदकाला पांढरं काय आणि पिवळं काय!" मग बाईही हसल्या, आणि मावशी पदरात तोंड लपवून रडायला लागल्या.

त्याच दिवशी प्लंबर आला आणि पाइप गटाराला जोडला गेला. तक्रारीचा कागद मी फाडला. दुपारी मोठ्या बाई मावशींना सोबत घेऊन कारखान्यात माफी मागायला गेल्या. कारखानदारानं आधी तोंड फिरवलं, मग लेकीनं आग्रह करून दोघींना पाणी निवळायच्या टाक्या दाखवल्या.

पुढे बाईंनी ठरवलं, आपण स्वतः काय काय नासवतो ते आधी बघायचं, आणि सुरुवात मावशींपासून केली. मावशींना सगळं तोंडपाठ होतं. अर्धे टॉवेल न वापरताच धुवायला येतात, नुसता हात पुसला तरी नवा टॉवेल काढतात, डॉक्टर तर सगळ्यात वाईट! आता दाराशी दोन टोपल्या आहेत, एक मळलेल्या टॉवेलांची आणि एक पुन्हा वापरता येतील अशांची. दोनाच्या जागी एकच मशीन चालतं, ब्लीच बंद आहे, आणि वाचलेल्या वेळात मावशी विरलेले टॉवेल शिवतात आणि आम्हाला ओरडतात. बाहेरच्या कंपनीचं नाव कोणी काढत नाही.

पण मावशींना विचाराल तर पत्रा बाजूला केला त्या दिवशीची संध्याकाळच सांगतात. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "एवढंच होतं होय? दोन महिने बोलत नव्हतीस, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मी तर न सांगता दोनदा माळा आवरला!"

त्यावर मावशी इतक्या हसल्या, की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.