लोकलमधला माझा खून

माझा खून झाला तेव्हा मी आईच्या शेजारी बसून चणे खात होतो.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस. परळच्या एका स्टुडिओत लोकलमधल्या खुनाचा सिनेमा निघाला आणि त्यात मला काम मिळालं. (डबा लाकडी, दोघे जण खालून हलवायचे. त्यातही मला गाडी लागली!) "सगळी गोष्ट माझ्यावर उभी आहे," असं मी लालबागच्या आमच्या चाळभर सांगून टाकलं. खोटं काय होतं त्यात? मी मेलो नसतो, तर पोलीस आले कशाला असते?

पंचाईत अशी, की तेव्हाच गिरगावच्या शालिनीशी माझं लग्न जमत आलं होतं. मला ती फार म्हणजे फारच आवडली होती. तिचे वडील मात्र अडून बसलेले, "मिलमधला कारकून, त्यात सिनेमाचा नाद!" त्यांच्यावर छाप पडावी म्हणून आईने बापलेकींना मॅटिनीला बोलावलं आणि सोबत अख्खी चाळ आणली.

दहाव्या मिनिटाला पडद्यावर माझ्या पाठीत सुरा बसला. आई ताडकन उभी राहिली.

"अरे, माझ्या झिलाक मारल्यान रे मेल्यान!"

"आई, मी इथं आहे!"

"तू गप बस!"

तेवढ्यात मागून शेजारचे बाबलकाका कडाडले, "खुन्याला अटक..."

रोज सभांना जाऊन तयार झालेले गळे ते! सगळ्या चाळीने एका सुरात उत्तर दिलं, "झालीच पाहिजे!"

मॅनेजर धावत आला. "अहो, तुमची मागणी तरी काय?"

"खुनी कोण ते आत्ताच्या आत्ता सांगा!"

घाबरून त्या बिचाऱ्याने सांगून टाकलं. मग काय, बाकीचं थिएटर आमच्यावर उठलं आणि आमची वरात फुटपाथवर आली.

"जावई मेलेला बघितला!" शालिनीचे वडील माझ्यापासून दोन पावलं मागे सरले. "मी आधी घरी जाऊन अंघोळ करणार. लग्नाचं विसरा!"

आईचा चेहरा पडला.

"बाबा, थांबा," शालिनी म्हणाली. "मेल्यावर यांनी दोनदा डोळे मिचकावले. एकदा नाक खाजवलं."

"मग?"

"मेल्याचं सोंगसुद्धा धड जमत नाही यांना. हे मला काय फसवणार? मला पसंत आहेत."

पुन्हा कुठल्या सिनेमाचं बोलावणं मला आलं नाही. लग्न मात्र झालं, आणि तेही अभिनय येत नाही या एकाच पात्रतेवर!