ताईचं रोजचं चुकणं

माझी थोरली बहीण एका जागी स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाही. जेवतानासुद्धा ती अर्धी उभीच असते. कुणाला मीठ हवंय, दाराशी कोण आलंय, नळ कुणी उघडा टाकलाय, सगळं तिलाच बघायचं असतं. तिच्याकडे तासभर काढला की माझे पाय दुखायला लागतात, आणि मी तर खुर्चीत बसलेली असते.

तिचं आणि भाऊजींचं हार्डवेअरचं दुकान आहे, मागेच दोन खोल्यांचं घर. खिळे, कड्या, कुलपं, सुतारांची हत्यारं. भाऊजी गल्ल्यावर, ताई मालावर. कुठला स्क्रू कुठल्या खोक्यात, हे ती झोपेतही सांगेल. आणि ती चुकली असं कुणी म्हणून तर दाखवावं! बाजारात तिचं नाव 'सुप्रीम कोर्ट' पडलं होतं, कारण तिच्यापुढे अपील नव्हतं.

भाऊजी देखणे, मऊ बोलणारे. ताईचे दात पुढे, आवाज फाटका, जिभेला हाड नाही. लग्नात आमच्याच नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. मी एकदा भाऊजींना तोंडावरच विचारलं, "ताईत काय पाहिलंत हो तुम्ही?"

"ती खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "माल विकतानाही नाही. तुला अशी किती माणसं भेटली?"

मी आठवून पाहिलं. एकही आठवेना.

गेल्या वर्षी भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, हात थोडाफार सावरला, बोलणं मात्र गेलं. कळायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. त्यांना बोलतं ठेवा, असं डॉक्टर सांगून मोकळे झाले. ताईने काही करायचं बाकी ठेवलं नाही. लाडीगोडी झाली, विनवण्या झाल्या, लहान मुलांची चित्रांची पुस्तकंसुद्धा आणली. भाऊजी ती बाजूला सारून भिंतीकडे तोंड करून बसायचे.

मग एका दुपारी, भाऊजींना गल्ल्याशी बसवलेलं असताना, दुकानात एक सुतार आला. करवतीला धार लावायला कानस हवी होती त्याला. जागरणांनी ताईचं डोकं बधिर झालेलं, तिने कानशीऐवजी लाकूड तासायची पटाशी काढून दिली. भाऊजींचा चेहरा लाल झाला आणि तोंडातून शब्द सुटला, "का... कानस!"

ताईने मला फोन करून बोलावून घेतलं आणि दार लावून सांगितलं, "राग आला की त्यांचा शब्द सुटतो गं. माझ्या विनवण्या नकोत त्यांना, माझी चूक हवी."

दुसऱ्या दिवसापासून ती चुकायला लागली. गिऱ्हाइकाने बिजागरी मागितली की कडी द्यायची, पक्कड मागितली की पाना. भाऊजी चिडून "बि... बिजागरी!" म्हणाले की ही वर भांडायची, "हीच बिजागरी!" म्हणजे त्यांना तो शब्द पुन्हा म्हणावा लागायचा. हळूहळू दोन-दोन शब्द एकत्र यायला लागले. पण सुप्रीम कोर्टाचं डोकं फिरलं, असं बाजार बोलू लागला. लोक मुद्दाम गंमत बघायला यायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या बाईने आयुष्यात कुणाची एक ऐकून घेतली नाही, ती दिवसभर चारचौघांत वेडी ठरत होती, आणि मधूनच आत जाऊन तोंडावर पाणी मारून परत येत होती.

अशात भाची आली, परगावी राहणारी त्यांची एकुलती एक मुलगी. आल्या आल्या तिला काय दिसलं, तर आईबाप गिऱ्हाइकासमोर एका कडीवरून एकमेकांवर ओरडताहेत. संध्याकाळी ती मला म्हणाली, "मावशी, आईला काही सुचेनासं झालंय. आणि वर ती बाबांचा जीव खातेय. मी बाबांना घेऊन जाते. माझ्याकडे एकच खोली रिकामी आहे. आईला तू ने."

मी तशीच ताईकडे गेले. "सांगून टाक तिला!"

"नाही. तिच्या पोटात काही राहत नाही. लगेच बाबांना सांगेल. मी मुद्दाम करते हे त्यांना कळलं की राग जाईल, आणि राग गेला की शब्द गेले."

"अगं, पण तेच चाललेत ना!"

"जाऊ देत," ती म्हणाली. "बोलत तरी जातील." आणि पुसलेलंच कपाट पुन्हा पुसायला लागली. "माझी शपथ आहे तुला."

त्या शपथेने माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात भाऊजींची भरलेली बॅग होती आणि भाची सारखी घड्याळ बघत होती. मी काही ना काही निमित्त काढून आत-बाहेर करत होते. एवढ्यात एक नळवाला आला. त्याने वॉशर मागितला, ताईने नट दिला.

"आई, पुरे!" भाची ओरडली. "आतातरी पुरे कर!"

नळवाला हसला. "अहो, यांनाही घेऊन जा डॉक्टरकडे. आजींचं डोकं कामातून गेलंय."

ताई भाऊजींकडे बघत राहिली. ते 'वॉशर' म्हणतील याची वाट बघत होती. भाऊजी काउंटरला धरून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नळवाल्याकडे बघत त्यांचे ओठ कितीतरी वेळ नुसतेच हलले.

"तिला... सगळं... येतं," ते म्हणाले. मग श्वास घेऊन, "माझ्यासाठी... चुकते."

ताईच्या हातातला नट हातातच राहिला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी मान डोलावली. "दुसऱ्या... दिवसापासून."

"मग रोज माझ्यावर चिडत होतात ते?" ताईचा आवाज चढला. "एवढे लाल होत होतात ते?"

"तू... एवढी... धडपडत होतीस," भाऊजी म्हणाले. "वाया... कसं... जाऊ देऊ?"

ताई रडायला लागली, भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर. भाची उठली. दारातली बॅग उचलून ती आत घेऊन गेली, आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.